साडेआठ फुटांचं दार

कुणालाही जिथे थांबायचं नसतं, अशा इमारती मी तेहतीस वर्षं बांधल्या. देवळात माणूस हौसेनं बसतो, हॉटेलात चवीनं बसतो, बसस्थानकात मात्र घड्याळाकडे बघत बसतो आणि बस लागली की मागे वळूनही पाहत नाही. त्यामुळे आमच्या कामाला छान असं कधी कुणी म्हटलं नाही. नावं ठेवायला मात्र सगळे हजर. पंखा फिरत नाही, नळाला पाणी नाही, बाकावर कुत्रं झोपलंय. बाक मी बसवलं होतं, कुत्रं नाही. पण हे सांगणार कुणाला?

कनिष्ठ अभियंता म्हणून लागले, उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. मधलं सगळं सेवापुस्तकात आहे आणि ते वाचून कुणाची दिवाळी गोड होईल असं वाटत नाही. मला सांगायचंय ते निवृत्तीनंतरच्या एका वर्षाबद्दल. त्या वर्षी शाळेतल्या पोरांना मी माझा धंदा शिकवायला गेले आणि स्वतःच शिकून आले. अजूनही ते आठवलं की मला घरात बसवत नाही.

सुरुवात पगारसरांनी केली. ते नाशिकरोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. मूळचे नामपूरचे, त्यामुळे खुशीत आले की अहिराणीवर जातात. त्यांच्या शाळेनं नववी-दहावीसाठी शनिवारी एक तास ठेवला होता. निरनिराळ्या कामांतली माणसं बोलवायची आणि मुलांनी त्यांच्याबरोबर एखादं काम प्रत्यक्ष करून बघायचं.

"मॅडम, डॉक्टर झाले, वकील झाले. तुम्ही पोरांना बसस्थानक बांधायला शिकवा," सर म्हणाले.

"एक तास येईन," मी म्हटलं. पुढचे सहा-सात महिने शनिवारी मी दुसरं काहीही ठेवलं नाही.

पहिल्या दिवशी विचारलं, बांधकामात कुणाला जायचंय? एकही हात वर नाही. अथर्व नावाचा चुणचुणीत मुलगा म्हणाला, "बाई, सिव्हिल म्हणजे घमेली ना?" वर्ग हसला. मी म्हटलं, हसा. आणि हसून झालं की प्रत्येकानं एक बसस्थानक काढा.

काय काय काढलं होतं! काचेचे घुमट, कारंजी, सेल्फी पॉइंट. अथर्वच्या स्थानकाला चार मजले, सरकते जिने आणि गच्चीवर हेलिपॅड.

"बस कुठाय?" मी विचारलं.

"बस... खाली असेल ना, बाई."

माझा राग आमच्या खात्यात प्रसिद्ध होता. निवृत्त झाल्यावर तो कमी होईल असं घरच्यांना वाटलं होतं. "असेल म्हणजे? आणि ही काच पुसणार कोण, तुझा मामा?" मी डस्टर टेबलावर आपटलं, खडूची पूड माझ्याच चष्म्यावर उडाली. पोरगं मात्र गुणी. ते सगळ्यांत जास्त हसलं.

मग मी त्यांना मैदानावर नेलं. बसच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत जेवढं अंतर असतं तेवढी सुतळी घेतली. पुढचं टोक अथर्वच्या हातात, म्हणजे तो ड्रायव्हर. मागचं टोक दहावीतल्या सोनाली भोयेच्या हातात, म्हणजे ती मागची चाकं. सुतळी ताठ ठेवायची आणि वळायचं. वळणाच्या कोपऱ्यावर मी एक बाक ठेवलं होतं. अथर्व बाकाच्या बाजूनं ऐटीत वळला. सोनाली सुतळीमागे ओढली गेली आणि सरळ बाकावर आदळली.

गुडघा चोळत ती उठली आणि ओरडली, "बाई, शेपूट आत येतं!"

हे वाक्य ऐकायला मी तेहतीस वर्षं थांबले होते असं मला वाटलं. स्थानकाची सगळी विद्या त्यात आहे. बस वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं येत नाहीत, आत कापत येतात. म्हणून स्थानक छपरापासून सुरू होत नाही, बसच्या वळणापासून सुरू होतं. आधी बस फिरवायची, मग माणसं चालवायची, आणि त्यातून जी जागा उरेल तिच्यावर छप्पर घालायचं. सोनालीनं त्या दिवशी पावलं मोजून शेपूट किती आत येतं तेही काढलं. कुणी सांगितलं नव्हतं.

ही मुलगी पेठच्या घाटापलीकडची. शाळेच्या वसतिगृहात राहायची, बोलायची मोजकं. भातकापणी झाली की तिचे आईवडील गावातल्या इतरांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत कामाला उतरायचे आणि उन्हाळ्यात परत जायचे. एवढंच मला तेव्हा माहीत होतं.

मुलांना माझ्या चुकांच्या गोष्टी फार आवडायच्या. त्यांतली सगळ्यांची लाडकी कपाटाची. मी नोकरीत नवी होते तेव्हा महामार्गावरच्या एका गावात माझं पहिलं स्थानक उभं राहिलं. फलाटावर पाऊस येऊ नये म्हणून छज्जा चांगला पुढे काढला होता आणि त्याची उंची बसच्या उंचीवरून काटेकोर ठरवली होती. उद्‌घाटनाच्या दिवशी बँड वाजतोय, फीत कापली जातेय आणि पहिली बस डौलात आत येतेय. तिच्या टपावर कांद्याच्या गोण्या, दोन सायकली आणि लग्नाच्या रुखवतातलं एक उभं लोखंडी कपाट. कपाट माझ्या छज्ज्याला लागलं. आरसा खळ्ळकन फुटून पाहुण्यांच्या पायाशी पडला. छज्ज्याच्या तोरणातली आंब्याची पानं ड्रायव्हरच्या काचेवर लोंबायला लागली.

नवरीचा मामा खाली उतरला. मला वाटलं, आता हा माणूस मला मारतो. त्यानं छज्ज्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुमी बस मोजली. लगीन नाय मोजलं."

त्यानंतर मी कधीही नुसती बस मोजली नाही. टपावरच्या लग्नासकट मोजली. पुढे टपावर सामान नेणं बंद झालं, तरी माझे छज्जे उंचच राहिले. मला त्याचा अभिमान होता. मुलांना मी बजावून सांगायचे, रिकामी वस्तू मोजू नका, वापरातली मोजा.

दिवाळीनंतर मी मुलांना एका स्थानकात घेऊन गेले. पेठ-सुरगाण्याकडच्या गाड्या जिथे येतात ते हे शहराच्या पश्चिमेचं स्थानक. मोबाइल पिशवीत, हातात फक्त पेन्सिल आणि कागद. तीन तास बसायचं आणि माणसं कुठून येतात, कुठे बसतात, कुठे अडतात ते काढायचं. मी एक गोष्ट त्यांच्यापासून लपवली. हे स्थानक माझं होतं. माझं सगळ्यांत लाडकं. प्रतीक्षालयात एकशेवीस खुर्च्या, उंच छत, भर मे महिन्यातही आत गारवा. मुलं त्याची तारीफ करतील आणि मग मी हळूच सांगेन, असा माझा बेत होता. म्हातारपणी माणूस एवढा पोरकट होतो.

सोनालीच्या कागदावर प्रतीक्षालय रिकामं होतं. सगळे ठिपके बाहेर, कुंपणाच्या भिंतीलगत, उन्हात.

"हे काय?" मी विचारलं.

"माणसं, बाई. ही कामाला आलेली. मळेवाल्याची पिकअप येईपर्यंत हितं बसतात."

"आत का बसत नाहीत? एकशेवीस खुर्च्या आहेत आत!"

माझा आवाज चढला होता. तिनं कागदावरच्या दाराकडे बोट केलं. मग हळूच म्हणाली, "दारातून वझं जात नाय, बाई. वाकलं का पडतं. आन् खाली उतरवलं का परत डोक्यावर द्यायला दुसरं माणूस लागतं. म्हणून आमी भाईरच बसतो."

ती 'आमी' म्हणाली ते मला ऐकू आलं. पण मी भडकलेलीच होते. "सात फुटांचं दार आहे. सगळीकडे सातच असतं," म्हणून मी पुढच्या मुलाकडे वळले.

तेवढ्यात पेठची गाडी लागली. तिच्यातून एक बाई उतरली, डोक्यावर गोधडीत बांधलेलं गाठोडं, त्यावर पातेलं, पातेल्यात तवा. ती माझ्या सुंदर दारापर्यंत आली, वर पाहिलं, आणि सवयीनं वळून भिंतीकडे उन्हात जाऊन उभी राहिली. तिनं क्षणभरही विचार केला नाही. म्हणजे हे तिला वर्षानुवर्षं पाठ होतं.

मी बसच्या डोक्यावरचं ओझं मोजायला शिकले होते. माणसाच्या डोक्यावरचं नाही.

त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त राग येत होता, तो स्वतःचाच. पुढच्या शनिवारी वर्गात उभी राहून मी सांगून टाकलं, "ते स्थानक मी बांधलंय. दार चुकलंय. सोनालीचं बरोबर आहे."

मला वाटलं, वर्ग गप्प होईल. वर्गानं जल्लोष केला! "बाई, खरंच तुम्ही चुकलात? एवढ्या मोठ्या?" त्यांना काय आनंद झाला होता! पगारसर दारातून म्हणाले, "मॅडम, आते काम भारी व्हयनं!" म्हणजे आता काम भारी झालं. आणि खरंच झालं. त्या दिवसापासून काचेचे घुमट गेले. पोरांनी ठरवलं, ओझं घेऊन येणाऱ्या माणसाचं स्थानक काढायचं.

तास संपल्यावर सोनाली मागे राहिली. "बाई, हे काम शिकायचं तर काय करायचं आसतं?"

मी म्हटलं, दहावीनंतर पॉलिटेक्निक, सिव्हिलचा डिप्लोमा, तीन वर्षं. ती म्हणाली, "आबा न्हाई धाडणार." दहावी झाली की तिला गावी न्यायचं ठरलं होतं. पुढच्या हंगामात तीही बागेत.

मी आणि पगारसर तिच्या वडिलांना भेटायला दिंडोरीकडे गेलो. काशिनाथ भोये वेलीची छाटणी करत होते. किरकोळ बांध्याचा, शांत माणूस. मी तोंड भरून बोलले. मुलगी हुशार आहे, बांधकामात खूप संधी आहे, नाशिक वाढतंय.

त्यांनी कात्री खिशात ठेवली, शर्टाची कॉलर बाजूला केली आणि खांदा दाखवला. हाड वाकडं जुळलेलं.

"बांधकामातली संधी आमी पाह्यली, बाई. सात वर्सं इटा वाहिल्या. पोरीला बांधकामावर न्हाई धाडायची. बाग बरी."

माझ्यासाठी बांधकाम म्हणजे नकाशा, त्यांच्यासाठी घमेलं. दोघांनी जणू एकाच साइटवर काम केलेलं, पण तिच्या दोन टोकांना. मी काहीबाही समजावत राहिले आणि जेवढं समजावलं तेवढे ते गप्प होत गेले. परतताना सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही बोलू नका. पोरीला काम करताना दिसू द्या."

आमच्या धंद्यात पाया खणायच्या आधी जमिनीवर फक्कीनं, म्हणजे पांढऱ्या भुकटीनं, इमारतीच्या रेषा आखतात. कागदावरचं घर पहिल्यांदा खऱ्या मापानं जमिनीवर उतरतं. मी म्हटलं, आपणही आखायचं. अख्खं स्थानक, शाळेच्या मैदानावर, आणि पालकांना बोलवून त्यातून चालवायचं. जानेवारीतला एक रविवार ठरला, कारण त्या दिवशी बागेला सुटी असते.

ती तयारी म्हणजे नुसता धुडगूस! तीन, चार आणि पाच फुटांच्या सुतळीनं काटकोन कसा काढायचा ते मी शिकवलं, तर नववीतली पोरं दिसेल तो कोपरा तपासत सुटली आणि मुख्याध्यापकांचं कार्यालय काटकोनात नाही असं जाहीर करून आली. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन ठिकाणची पातळी बघायची आमची जुनी रीत आहे. ती दाखवली तेव्हा अथर्व म्हणाला, "बाई, याला चार्जिंगच लागत नाही!" रविवारी सकाळी सोनालीनं फक्कीचं डबडं हातात घेतलं आणि पाहता पाहता मैदानावर फलाट उतरले, वळणं उतरली, प्रतीक्षालय उतरलं. इतक्या वर्षांत शेकडो आखण्या पाहिल्या, पण इतकी हरखले कधीच नव्हते.

पालक आले. काशिनाथ आणि त्यांची पत्नी मैदानाच्या कडेला उभे होते. मुलीचा निरोप म्हणून आले होते, आणि तिनं सांगितलं म्हणून आपापलं हंगामाचं गाठोडं बरोबर घेऊन आले होते. कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं.

प्रतीक्षालयाच्या दाराशी दोन पोरं बाकांवर चढून आडवा बांबू धरून उभी होती, सात फुटांवर. ती दाराची वरची कड.

"आबा, वझं घ्या न् या," सोनाली म्हणाली.

काशिनाथनी गाठोडं डोक्यावर घेतलं आणि आले. गाठोडं बांबूला थडकलं.

"वर घ्या," सोनालीनं पोरांना सांगितलं. "आबा, आता?"

"आजून."

"आता?"

"आजून जरा. हां, जातंय."

सोनालीनं टेप लावली, आकडा वहीत लिहिला. काशिनाथ दारातून आत आले, गाठोडं तसंच डोक्यावर ठेवून उभे राहिले आणि वहीकडे बघत राहिले.

"हे काय लिव्हलं?"

"दार किती उच्च पायजे ते, आबा."

"माझ्यावरनं?"

"तुमच्यावरनंच. वझं तुमी वाहता ना."

मला बोलायची इतकी ऊर्मी आली होती, पण सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ओठ दाबून धरले. आयुष्यात फार थोड्या वेळा जमलंय मला ते.

मग काशिनाथनी गाठोडं खाली ठेवलं. एका पोराच्या जागी बाकावर चढून बांबूचं टोक आपल्या हातात घेतलं आणि बायकोला हाक मारली. "तू ये. पातेलं-बितेलं सगळं घेऊन." आणि मुलीला म्हणाले, "माझं मापून काय उपेग? बायांचं वझं जास्त उच्च राहतं."

ती माउली लाजत आली, गाठोडं, त्यावर पातेलं, त्यावर सूप. नवरा तिच्याकडे बघत बांबू इंच इंच वर सरकवत होता, दुसऱ्या टोकाला अथर्व टाचा उंचावून. ती मान ताठ ठेवून, कुठेही न वाकता, फक्कीच्या दारातून आत गेली. अख्ख्या मैदानानं टाळ्या वाजवल्या.

काशिनाथनी बांबू हलू दिला नाही. "मोज," ते म्हणाले.

सोनालीनं मोजलं. "साडेआठ फूट."

"लिव."

तिनं लिहिलं. मी सरळ रडले. सगळ्यांदेखत, रुमाल न काढता.

जाताना ते माझ्याजवळ आले. "बाई, हे शिकली तर तिला वझं न्हाई ना उचलावं लागत?"

"नाही," मी म्हटलं. "उचलणाऱ्यांचं मोजावं लागतं."

"फारम कधी निघतो?"

"निकालानंतर. जुलैपर्यंत चालतं."

"जुलैत आमची आवणी आसते," ते म्हणाले. भातलावणीच्या दिवसांत डोंगरातलं कुणी गाव सोडत नाही हे मलाही ठाऊक होतं. माझा चेहरा पडला असणार, कारण त्यांनी लगेच म्हटलं, "एक दिस आवणी थांबंल."

थांबली. जुलैतल्या एका सकाळी ते पहिल्या गाडीनं आले, घोट्यापर्यंत चिखल वाळलेला, आणि पगारसरांच्या टेबलावर फॉर्मवर सही करून दुपारच्या गाडीनं परत गेले.

माझ्या लाडक्या स्थानकाचं दार अजून सात फुटांचंच आहे. मी अर्ज केलाय, नकाशा जोडलाय, दोनदा जाऊन भांडून आलेय. 'विचाराधीन' म्हणतात. हे उत्तर मीही कित्येकांना दिलंय, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करू? पण सोडणार नाही.

परवा सोनाली घरी आली होती. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षात आहे. तणतणतच आली. दाराचं चित्र काढून आणायला सांगितलं होतं, तिनं साडेआठ फुटांचं काढलं, आणि तिथल्या सरांनी लाल गोल करून शेजारी 'सात' लिहिलं.

"मग तू काय केलंस?" माझा आवाज चढायला लागला होता.

"काय न्हाई. सरांना म्हटलं, माझी सॅक डोक्यावर घ्या न् वर्गाच्या दारातून भाईर जाऊन दाखवा."

"अगं! घेतली त्यांनी?"

"घेतली ना. चांगले हायेत सर."

"आणि?"

सोनाली हसली. "वाकले."